साबण कंपनीचे सभासद

आमच्या तापीकाठच्या गावात माणसाची ओळख आधी त्याच्या वावरावरून होते, आणि नंतर तो साखर कारखान्याचा सभासद आहे की नाही यावरून. माझे सासरे, ज्यांना घरापासून गावापर्यंत सगळे आप्पा म्हणतात, ते सभासद तर होतेच, पण त्याहून अवघड म्हणजे ते सभेला जायचे. बाकीचे सभासदही जायचे, पण जेवणापुरते. व्यासपीठावरून 'विषय क्रमांक एक' एवढं ऐकू आलं की मंडपातून 'मंजूर, मंजूर' असा गलका व्हायचा, विषय दोनलाही तोच गलका, आणि भजी गरम असतानाच सगळे विषय संपायचे. आप्पा मात्र उठून उभे राहायचे आणि म्हणायचे, 'नामंजूर'. एकटेच. मग अहवालाचं पान उघडून बोलायला लागायचे. कुणीतरी माइक काढून घ्यायचं, आप्पा माइकशिवाय बोलत राहायचे, आणि शेवटी व्यासपीठावरून राष्ट्रगीत सुरू व्हायचं. राष्ट्रगीत लागलं की आप्पाही ताठ उभे राहून गप्प व्हायचे, कारण तिथे त्यांचा इलाज चालत नसे.

मी लग्न होऊन आले तेव्हा लोक मला 'नामंजूरवाल्यांची सून' म्हणायचे. मला त्यात काही वाईट वाटलं नाही. माझं माहेर नंदुरबारचं, दोन खोल्यांचं, तिथे आम्हाला कुणी कशालाच विचारत नसे. इथे निदान नकार द्यायला तरी जागा होती.

मग एका वर्षी आप्पा सभेत जरा जास्तच बोलले, आणि त्या हंगामात आमच्या उसाला कारखान्याकडून तोड येईना. शेजारच्या वावरातला ऊस गेला, त्याच्या पलीकडचा गेला, आमचा उभाच. तोडणीची टोळी आमच्या बांधावरून रामराम करत पुढे जायची. उसाला तुरे आले, वजन घटलं. विचारायला गेलं की उत्तर एकच, यादीत नाव आहे, पाळी येईल. सभेतलं बोलणं आणि उभा राहिलेला ऊस यांचा काही संबंध होता हे मला सिद्ध करता येणार नाही, आणि मी गणिताची शिक्षिका असल्यामुळे सिद्ध न करता आलेलं बोलत नाही. पण माझ्या मोठ्या दिरांनी तो संबंध जोडला. ऊस सगळा तेच बघायचे. त्यांनी एक दिवस कारखान्याचा कागद आणून आप्पांपुढे ठेवला, आणि आप्पांनी सही केली. शेअर थोरल्या मुलाच्या नावावर झाला. पुढच्या सभेत मोठे दीर पुढच्या रांगेत बसून 'मंजूर' म्हणून आले, आणि टोळी वेळेवर आली.

आप्पांनी त्याबद्दल एक शब्द काढला नाही. सभेचे दिवस आले की ते ओट्यावर बसून त्या वर्षीचा अहवाल वाचायचे, पेन्सिलीने खुणा करायचे आणि अहवाल घडी करून उशाखाली ठेवून द्यायचे. विचारायला जागाच उरली नव्हती. माणूस दोन वेळा जेवत होता, चालत होता, पण भांडत नव्हता, आणि आप्पा भांडत नाहीत म्हणजे त्यांना बरं नाही हे घरातल्या सगळ्यांना कळत होतं. मला मोठ्या दिरांचा संताप यायचा. तो बोलून दाखवायची सोय नव्हती, कारण आमच्याकडे जेठ आणि धाकट्या भावाची बायको एकमेकांशी थेट बोलत नाहीत. त्यांना माझ्याकडून चहा हवा असला तर ते दाराच्या चौकटीला सांगतात, 'कोणी चहा करी का', आणि मी चौकटीकडे बघून 'हो' म्हणते. चौकटीवर रागवून काय होणार.

मी शहाद्याच्या हायस्कूलमध्ये शिकवते. पगार झाला की त्यातले थोडे पैसे बाजूला काढून मी शेअर घेते. उड्या मारणारे नाही. रोज लागणारी वस्तू बनवणारी, डोक्यावर फार कर्ज नसलेली आणि वाईट वर्षातसुद्धा सभासदांचा वाटा न चुकवणारी कंपनी शोधायची, दर महिन्याला थोडं थोडं घ्यायचं, आलेल्या डिव्हिडंडचे पुन्हा तेच शेअर घ्यायचे आणि भाव बघत बसायचं नाही. यात काही मोठी अक्कल नाही. स्टाफरूममधले सर लोक सकाळी घेऊन दुपारी विकतात आणि संध्याकाळी माझ्याकडे चहाचे पैसे मागतात, तेव्हा मला मनातून फार बरं वाटतं.

एका रविवारी जेवताना माझा फोन वाजला. आप्पा समोर भाकरी कुस्करत होते.

"काय शे?" त्यांनी विचारलं.

"डिव्हिडंड ऊना, आप्पा. मन्हा काही शेअर शेतस साबणनी कंपनीना."

"म्हणजे तू सभासद शे?"

मी तसा विचारच केला नव्हता. "हो," म्हटलं, "तसंच म्हणा."

"कंपनीनी सभा व्हस?"

"व्हस ना. मत बी देता येस."

आप्पांनी भाकरी कुस्करायची थांबवली. मग बराच वेळ कालवून घेतलं, सगळं खाल्लं, हात धुतले, आणि टॉवेलला हात पुसत म्हणाले, "माले बी करी दे."

त्यांचं खातं उघडणं हा एक सोहळाच झाला. ओळख पटवायला फोनच्या कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकावायचे होते, तर आप्पा मिचकावेनात. परक्या माणसाला डोळा मारणं त्यांना पटेना. वारस म्हणून त्यांनी ना थोरल्याचं नाव दिलं ना धाकट्याचं. सासूबाईंचं दिलं, आणि त्यांना हाक मारून सांगितलं की आजपासून माझ्या मरणाची वाट बघायला तुला कारण मिळालं. सासूबाई म्हणाल्या की कारण पहिल्यापासून होतं, कागद आज झाला.

शेअर घेतल्यावर आप्पांनी मला विचारलं, "हाई कंपनी दिवाळीले काय देस?"

"पैसा देस, आप्पा. सरळ खातामा."

"पैसा ते ऊसना बी येस. वस्तू काय देस?"

आता यात त्यांची चूक नव्हती. आमच्याकडे शेअर म्हणजे दिवाळीची साखर. कारखान्याचा सभासद असलं की सणाला स्वस्तात साखर मिळते, ती उचलायला लोक ट्रॅक्टर काढून जातात, आणि त्या साखरेच्या करंज्या जावयाला वाढताना 'आमच्या शेअरची साखर' असं सांगतात. साबणाच्या कंपनीचे सभासद झालो तर साबण स्वस्त मिळणार हे आप्पांच्या दृष्टीने इतकं उघड होतं की त्यांनी मला पुढे काही विचारलंच नाही. ते परस्पर शहाद्याला गेले.

स्टँडजवळ आमचं नेहमीचं किराणा दुकान आहे. दुकानदार चाचांची पिढ्यान्‌पिढ्या तिथेच बैठक, आणि आमच्या घराचा माल त्यांच्या वडिलांपासून तिथूनच येतो. मी शाळा सुटल्यावर तिथे पोचले तेव्हा आप्पा काउंटरवर शेअरचा छापील कागद पसरून उभे होते. त्यांनी तो सायबर कॅफेतून काढून आणला होता. चाचा चष्मा लावून तो वाचत होते.

"सभासदना भाव लावा," आप्पा म्हणत होते.

चाचांनी कागद व्यवस्थित घडी करून परत दिला. "आप्पा," ते म्हणाले, "साबण तुमनी कंपनीना शे, कबूल. पण दुकान मन्हं शे."

आप्पांना हे उत्तर इतकं आवडलं की त्यांनी पूर्ण भावाने साबणाचा अख्खा खोका घेतला. मी म्हटलं आता संपलं. कसलं संपतंय. दुसऱ्या बाजारच्या दिवसापासून ते चाचांच्या दुकानात स्टुलावर बसायला लागले. कोण कोणता साबण घेतं ते बघायचे. आपल्या कंपनीचा घेतला की 'बरं करं' म्हणायचे, दुसरा घेतला तर 'काब्र?' म्हणून विचारायचे. एका बाईंनी सांगितलं की तुमचा साबण आता लवकर विरघळतो, पूर्वीसारखा राहिला नाही. आप्पा घरी येऊन न्हाणीघरात जाऊन बसले, दोन साबण शेजारीशेजारी ठेवून पाणी ओतत राहिले, आणि बाहेर येऊन म्हणाले की बाईचं खरं आहे. मी कंपनीचे ताळेबंद वाचायचे. साबण भिजवून बघायचं माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर अजूनही मला ते जरा अतीच वाटतं.

मग त्यांना दुसरा नाद लागला. एसटीत भेटलेल्या कुणीतरी त्यांना एका कंपनीचं नाव सांगितलं, तिचा डिव्हिडंड बाकीच्यांच्या कितीतरी पट. आप्पा घरी आले ते माझ्यावर चिडूनच. एवढं पीक देणारं वावर असताना तू मला साबणात का गुंतवलंस, असा त्यांचा सवाल. मी तिचा अहवाल उघडून दाखवला. कंपनीने शहरातली जुनी जागा विकली होती आणि आलेला पैसा एकदाच वाटून टाकला होता. धंद्यातून काही आलेलं नव्हतं, आणि पुढच्या वर्षी विकायला जागाही उरली नव्हती.

"म्हणजे बापनी वावर ईकीसन पोऱ्यास्ले पेढा वाटा," आप्पा म्हणाले, आणि त्या कंपनीचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही. एसटीतल्या माणसाला मात्र पुढच्या भेटीत गाठून त्यांनी स्टँडवरच चांगलं अर्धा तास झापलं. तो बिचारा तोपर्यंत ते शेअर घेऊन बसला होता.

तिसरी युक्ती त्यांची स्वतःची, आणि ती त्यांनी माझ्यापासून लपवून केली. डिव्हिडंड कुणाला मिळणार हे एका ठरलेल्या तारखेवर ठरतं, हे त्यांना कळलं होतं. त्यांनी त्या तारखेच्या आदल्या दिवशी चाचांच्या दुकानातल्या पोरीकडून फोनवर एका कंपनीचे शेअर घ्यायला लावले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी विकायला गेले. म्हणजे सारंगखेड्याच्या बाजारातून गाय आणायची, एकदा दूध काढायचं आणि परत नेऊन विकायची. सकाळी बाजार उघडला तर भाव वाट्याइतकाच खाली उतरलेला.

"गायले समजी गयं वाटस," आप्पा फोनकडे बघत म्हणाले.

मला इतकं हसू आलं की मी स्वयंपाकघरात जाऊन हसले. मग बाहेर येऊन गंभीर चेहऱ्याने समजावलं की ज्या दिवशी वाटा बाजूला निघतो त्या दिवशी भाव तेवढा हलका होतोच, फुकटचं दूध नाही. ते शेअर त्यांनी विकले नाहीत. 'आते बांधीच ठेऊ' म्हणाले, आणि ती गाय अजून आमच्या गोठ्यात आहे. बरी निघाली.

पण एका बाबतीत मी त्यांना मानते. घरात पैसा कधी येतो याचा त्यांनी आयुष्यभर हिशोब ठेवलेला. कापसाचा कधी, केळीचा कधी, उसाचा कधी, आणि हे तिन्ही गप्प असतात ते महिने कोणते. त्यांनी मला बसवून विचारलं की कोणती कंपनी कोणत्या महिन्यात वाटते. मग ज्या महिन्यांत आमच्या वावरातून काही येत नाही नेमक्या त्या महिन्यांत वाटणाऱ्या चांगल्या कंपन्या त्यांनी मला शोधायला लावल्या. मी इतकी वर्षं शेअर घेत होते, पण माझा पगार दर महिन्याला येत असल्यामुळे हे मला सुचायचं कारणच नव्हतं. आता मी शाळेतल्या नव्या शिक्षिकांना हे माझंच म्हणून सांगते.

मी हे सगळं सांगते आहे, पण आप्पांचं खरं लक्ष पैशात नव्हतंच. ते दर आठवड्याला एकच प्रश्न विचारायचे, सभा कधी. शेवटी साबण कंपनीच्या सभेची नोटीस ईमेलवर आली. सभा फोनवर, म्हणजे पडद्यावर होणार होती. बोलायचं असेल त्याने आधी नाव कळवायचं होतं. आप्पांचं नाव मी त्याच संध्याकाळी कळवलं. अहवाल शंभरावर पानांचा आणि इंग्रजी. मी शाळेतून आल्यावर आम्ही रोज बसायचो, मी वाचून मराठीत सांगायचे आणि आप्पा पेन्सिलीने खुणा करायचे. त्यांचा आवाज बदलला होता. ते सासूबाईंशी भाजीवरून भांडले. सासूबाई माझ्याकडे बघून हसल्या आणि म्हणाल्या, "बरं वाटी ऱ्हायनं दिसस."

अडचण एकच होती. वाड्यातल्या आमच्या बाजूला फोनला रेंज येते ती माळ्यावर, आणि तीही वाऱ्याच्या मर्जीने. चांगलं वायफाय सगळ्या वाड्यात फक्त मोठ्या दिरांकडे. भावांच्या वाटण्या होऊन वाड्याच्या दोन बाजू झाल्यापासून आप्पा त्यांच्या बैठकीत कामाशिवाय जात नसत. माझ्या नवऱ्याने भावाला जाऊन विचारलं. मोठे दीर म्हणाले, "बापले इचारानं काय, या." पण सभेच्या दिवशी आम्ही गेलो तेव्हा ते अंगणात ट्रॅक्टरची बॅटरी काढत बसले होते आणि आत आले नाहीत.

आप्पांनी धुतलेलं धोतर, पांढरा सदरा आणि टोपी घातली होती. मी लॅपटॉप टेबलावर ठेवला. पडद्यावर अध्यक्ष आले, कोट-टाय घातलेले, मागे पुस्तकांचं कपाट. मग सभासद बोलायला लागले. कोलकात्याचे एक गृहस्थ म्हणाले की अध्यक्षांच्या रूपाने कंपनीला देव लाभला आहे. मुंबईच्या एक बाई म्हणाल्या की अहवालाचं मुखपृष्ठ फार सुंदर आहे. तिसऱ्यांनी एक शेर म्हटला. आप्पा हे सगळं लक्ष देऊन ऐकत होते.

"अठे बी मंजूरवालाच शेतस," ते मला म्हणाले. ते खूश दिसत होते.

त्यांचा नंबर आला. निवेदन करणाऱ्या बाईंनी आमच्या आडनावाची पार वाट लावली, पण आम्हाला ते कळलं. आप्पा सवयीने उठून उभे राहिले, आणि पडद्यावर देशभरच्या सभासदांना त्यांच्या धोतराची गाठ दिसायला लागली. मी धावत जाऊन त्यांच्या स्वयंपाकघरातला पोळपाट आणून लॅपटॉपखाली सरकवला, वर दोन वह्या ठेवल्या, तरी टोपी दिसेना. 'बसा ना, आप्पा,' म्हटलं. त्यांनी मान हलवली. बसून ते कधी बोललेच नव्हते. शेवटी मी लॅपटॉप दोन्ही हातांत उचलून धरला आणि सभा संपेपर्यंत माझे हात दुखत राहिले.

आप्पा अहिराणीत बोलले. साबण लवकर विरघळतो, बाया बोलतात, मी स्वतः भिजवून बघितला, हे त्यांनी आधी सांगितलं. मग त्यांनी पान सांगितलं. या पानावर तुमच्या मोठ्या साहेबांचा पगार वाढला आहे, आणि त्या पानावर आमचा वाटा गेल्या वर्षीइतकाच आहे. साबण पातळ झाला, वाटा तसाच राहिला, मग वाढलं काय, तर साहेब. याला माझी हरकत आहे, नामंजूर.

एवढं बोलून ते थांबले. आणि इथे एक गोष्ट झाली जी मी कधी विसरणार नाही. आप्पा थांबून वाट बघत राहिले. माइक कुणी काढून घेतला नाही. कुणी ओरडलं नाही. राष्ट्रगीत लागलं नाही. पडद्यावरचे सगळे चेहरे त्यांच्याकडे बघत होते, आणि आप्पांना पुढे काय करायचं ते माहीतच नव्हतं, कारण त्यांचं भाषण आयुष्यात कधी शेवटापर्यंत गेलं नव्हतं. ते माझ्याकडे बघायला लागले. माझे दोन्ही हात लॅपटॉपमध्ये अडकलेले.

"तर अशी बात शे," आप्पा शेवटी म्हणाले. "तुम्ही बी चहा-पाणी ल्या." आणि खाली बसले.

अध्यक्षांनी आभार मानले. आप्पांच्या बोलण्याचं त्यांना कुणीतरी इंग्रजीत सांगितलं असावं, कारण त्यांनी साबणाबद्दल तक्रार तपासतो म्हटलं आणि पगाराबद्दल खूप वेळ, फार गोड, काहीही न सांगणारं उत्तर दिलं. आप्पा मान डोलावत होते. गोड बोलून काही न सांगणं ही त्यांच्या ओळखीची गोष्ट होती, त्याचं त्यांना काही वाटलं नाही.

मग मतदान. पडद्यावर एकेक ठराव आणि त्याखाली दोन बटणं, बाजूने आणि विरोधात. आप्पांनी चष्मा पुसला आणि पहिल्या ठरावापासूनच विरोधात दाबायला बोट पुढे केलं.

"आप्पा, हाऊ डिव्हिडंडना ठराव शे," मी म्हटलं. "आपलाच वाटा."

बोट हवेत थांबलं. वाटा कमी आहे म्हणून विरोध करावा, तर विरोधाने तो वाढत नाही. शेवटी त्यांनी दाराकडे एकदा बघून घेतलं आणि चोरासारखं 'बाजूने'चं बटण दाबलं. माझ्या माहितीत त्यांनी दिलेली ही पहिली मंजुरी. साहेबांच्या पगाराच्या ठरावाला मात्र त्यांनी विरोधातलं बटण असं दाबलं की लॅपटॉप मागे सरकला.

पडद्यावर आलं, आपलं मत नोंदवलं गेलं आहे.

"हाई मोजतस का?" त्यांनी विचारलं.

"मोजतस, आप्पा. दोन दिवसमा निकाल येस, कोणीबी दखू शकस."

"मी एकलाच विरोधमा आसू, तरी बी?"

"तरी बी."

मी दाराकडे बघितलं तर मोठे दीर उंबऱ्यात उभे होते, हाताला ग्रीस, आणि ते कधीपासून उभे होते कुणास ठाऊक. मला वाटलं आता काहीतरी टोमणा येणार, आणि मी उत्तर तयार ठेवलं. ते बाहेर निघून गेले.

निकाल आला. पगाराचा ठराव अर्थातच मंजूर झाला होता, भरभरून. पण खाली 'विरोधात' अशी ओळ होती आणि तिच्यात एक आकडा होता, आणि त्या आकड्यात आप्पांचे शेअर होते. आप्पांनी मला तो आकडा पानभर मोठा करून छापून आणायला लावला. चाचांच्या दुकानात नेला, स्टँडवर नेला, धानोऱ्याच्या बहिणीकडे दाखवायला गेले. एका माणसाने म्हटलं की आप्पा, तुम्ही तर हरलात. आप्पा त्याला म्हणाले की हरलो हे खरं आहे, पण मोजून हरलो. घरी आल्यावर ते शांत झोपले.

त्याच आठवड्यात कारखान्याचीही सभा होती. मोठे दीर सकाळी इस्त्रीचे कपडे घालून गेले आणि दुपारी परत आले. मी ओट्यावर मिरच्या निवडत होते, घरात दुसरं कुणी नव्हतं. ते आमच्या बाजूला आले आणि दाराच्या चौकटीशी उभे राहिले. मी उठून चहा ठेवायला निघाले.

"चहा नको," ते चौकटीला म्हणाले.

मी थांबले. ते कुणाचा तरी निरोप घेऊन आले असावेत असं वाटलं, पण निरोपही नव्हता. त्यांनी चप्पल काढली, परत घातली. कपाळावरचा घाम पुसला. त्यांचा आवाज बसलेला होता, सभेत ओरडून बसतो तसा, आणि तो आवाज मी इतकी वर्षं दर सभेनंतर ऐकला होता, पण त्यांना स्वतःला तो ऐकवत नसेल असं माझ्या कधी मनात आलं नव्हतं.

मग त्यांनी चौकटीवरून नजर काढली आणि सरळ माझ्याकडे बघितलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"माले बी एक शेअर लई दे," ते म्हणाले. "आप्पाले सांगू नको."

मी गोंधळून गेले. राग कुठे गेला ते मला कळलं नाही. काहीतरी बोलायचं म्हणून मी शिक्षिकेसारखं विचारलं, "कोणती कंपनीना, भाऊ? साबणनी का दुसरी?"

ते तेवढ्यात वळले होते. पाठमोरेच म्हणाले,

"जठे मन्हा ऊस जात नहीं, अशी कोणतीबी."